प्रमिलाचा मोजणारा

प्रमिला,

आपलं भांडण अर्धं राहिलं, आणि या वेळी ते तू अर्धं टाकून गेलीस. एरवी चिडून पाणी प्यायला उठायची मी. मग तू खुर्चीतूनच ओरडायचीस, "पळून नको जाऊ वं, बस इथं." या वेळी तूच उठलीस. अंगात कसकस आहे म्हणालीस, पिशवी खांद्याला लावलीस आणि दारातून वळून म्हणालीस, "सोमवारी आली का सांगतो तुले, तुझं कुठं चुकून राहिलं ते." दुपारची तुमसरची बस धरून तू सिहोऱ्याला आईकडे गेलीस. सोमवार आला, तू आली नाहीस. मलेरिया डोक्यात गेला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं तोवर तुला माणसं ओळखू येत नव्हती. मला ओळखलंस की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू माझा हात घट्ट धरला होतास, पण तसा तू नर्सचाही धरला होतास.

ऑफिसच्या फळ्यावर तुझ्याबद्दल श्रद्धांजलीचा एक कागद लागला आहे. त्यात तुझं शिक्षण आहे, नोकरीला लागल्याचा दिवस आहे, आणि तुझा स्वभाव मनमिळाऊ होता असं लिहिलं आहे. ते वाचून मला तिथंच हसू आलं आणि शिपायानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मनमिळाऊ? साहेबांना भर मीटिंगमध्ये "हे तुम्हाला कोणी सांगतलं?" असं विचारणारी तू. कंपायलरला शिव्या देणारी तू. त्या कागदावर तू कुठंच नाहीस, म्हणून हे लिहायला बसले.

मी नागपूरहून वरठीला उतरले तो दिवस मला रोज आठवतो आहे. स्टील कारखान्याची पाळी सुटली होती आणि रस्ताभर सायकली आणि मोटरसायकली. त्या गर्दीतून एक मुलगी गड्यांची सायकल ढकलत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तूच का सुधा?"

"हो. तुम्ही?"

"तुम्ही कायले म्हणतं? मी प्रमिला. एकाच मशीनवर बसायचं आहे आपल्याले. ट्रंक मांगं ठेव, तू दांड्यावर बस."

मी साडीत होते. दांड्यावर बसायचं मी साफ नाकारलं. मग ट्रंक सायकलवर आणि आपण दोघी पायी, अशी आपली वरात भंडाऱ्याच्या रस्त्यानं निघाली. अर्ध्या वाटेत एका ट्रॅक्टरवाल्यानं सायकलीसकट आपल्याला वर घेतलं. तेवढ्या वेळात तू मला सगळं सांगून टाकलंस. साहेब चांगले आहेत पण स्वतःच्या समीकरणांवर जीव आहे. वीज दुपारी जाते. मशीनच्या खोलीतला एसी मशीनसाठी आहे, माणसांसाठी नाही, तरी तिथंच बसायचं. आणि खोली भाड्यानं घेऊ नकोस, माझ्याच खोलीत ये, मला एकटीला जेवण गोड लागत नाही.

आपलं काम साधं वाटायचं. जिल्ह्यातल्या मोठ्या तलावांची आणि नदीची पातळी सकाळी फोनवर आणि पोलिसांच्या वायरलेसवर यायची. ते आकडे मशीनला द्यायचे. वरच्या तलावातलं पाणी खालच्या तलावाला केव्हा पोचेल आणि त्याच्या सलंगेवरून, म्हणजे जास्तीचं पाणी उतरायच्या दगडी वाटेवरून, किती वाहील, हे मशीननं सांगायचं. धोका असेल तर गावांना निरोप जायचा. मशीन कपाटाएवढं होतं, युनिक्स या प्रणालीवर चालायचं, आणि प्रोग्राम सी भाषेत आपल्याच ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून लिहिला होता. जिल्ह्यात असं मशीन दुसरं नव्हतं. लोक लग्नाला आल्यासारखे बघायला यायचे.

माझा तिथला पहिलाच पावसाळा. त्या सकाळी आकडे वेळेवर आले, आपण ते वेळेवर भरले, आणि मशीन हिशेब करत बसलं. दुपारी उत्तर आलं की आंबागडकडच्या एका तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, धोक्यात आहे. निरोप पाठवायला साहेबांनी फोन उचलला तर तिकडूनच खबर आली. पाळ सकाळीच फुटली होती.

माणूस कोणी गेलं नाही. चार दिवसांनी रस्ता सुरू झाल्यावर तू म्हणालीस, आपण जाऊन येऊ. मी विचारलं, जाऊन काय करणार? तू म्हणालीस, "पाहू तर." गडाच्या पायथ्याचं ते लहानसं गाव. रोवणं नुकतंच आटोपलं होतं, आणि आता बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, रोवलेल्या धानाच्या जागी गुडघाभर रेती. एक बाई फावड्यानं ती रेती ओढत होती. एकटीच. तिची बैलजोडी गोठ्यात बांधलेली राहिली होती आणि दावं सोडायला कोणी पोचू शकलं नव्हतं. आपण कोण, हे कोणीतरी तिला सांगितलं. तिनं फावडं टेकवून आपल्याकडे पाहिलं.

"तुमीच का त्या मशीनवाल्या पोरी?"

"हो, मावशी," तू म्हणालीस.

"मंग मशीनले मालूम होतं का वं, पाणी येऊन राहिलं म्हून?"

मी काहीतरी लांबलचक सांगायला तोंड उघडलं होतं. तू माझ्या हाताला हात लावलास.

"मालूम करून राहिलं होतं, मावशी. तेवढ्यात पाणी आलं."

 बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "मंग पाणीच हुशार निघालं," असं म्हणून ती पुन्हा रेती ओढायला लागली. तू पदर खोचलास आणि बाजूला पडलेलं दुसरं फावडं उचललंस. बस निघेपर्यंत आपण तिच्याबरोबर रेती ओढली. माझ्या हाताला फोड आले, तुझ्या नाही. शेतकऱ्याची पोर तू.

परतीच्या बसमध्ये तू हातावरची रेती झाडत होतीस. मग एकदम म्हणालीस, "सुधा, आपला प्रोग्राम सकाळभर करते तरी काय वं?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी कोणाकडेच नव्हतं, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाकडे होतं. साहेबांची खात्री होती की वेळ समीकरणं सोडवण्यात जातो. ती त्यांनी तरुणपणी संशोधनात मांडलेली होती, अवघड होती, आणि अवघड गोष्टीला वेळ लागणारच. आकडेमोड भराभर करणारं महागडं कार्ड मागवायचं त्यांच्या मनात होतं. मला वाटत होतं डिस्क मंद आहे. बाकीच्यांना वाटत होतं मशीनच रद्दी आहे. त्या मीटिंगमध्ये तू विचारलंस ते "हे तुम्हाला कोणी सांगतलं?" साहेब म्हणाले, अनुभवानं. तू म्हणालीस, "सर, अनुभव आपल्या सगळ्यांचा अलग अलग आहे. प्रोग्रामलेच विचारू ना."

प्रोग्रामला कसं विचारायचं, हे तुला मशीनबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात सापडलं होतं. कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, एक खूण द्यायची. मग तो प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका तुकड्याच्या, अगदी दारात एक छोटी हाक घालून ठेवतो. कोणीही कोणतंही फंक्शन बोलावलं की आत शिरण्याआधी ती हाक सी लायब्ररीतल्या, म्हणजे मशीनबरोबर आलेल्या तयार फंक्शनांच्या साठ्यातल्या, एका मोजणाऱ्याकडे जाते. मोजणारा टिपून ठेवतो की या फंक्शनला बोलावलं गेलं, आणि कोणी बोलावलं. शिवाय मशीनचं घड्याळ ठरावीक ठोक्यांवर प्रोग्रामला विचारत राहतं, आत्ता तू कुठं आहेस? शेवटी सगळं एका फाइलमध्ये उतरतं. तू हे मला पोहे खाताना सांगितलंस आणि मला वाटलं, चला, सुटलो. खूण दिली. प्रोग्राम चालवला. अहवालात सगळीकडे शून्य.

दोन दिवस तू लायब्ररी उसवून पाहिलीस. मग मला हाक मारलीस, "ये वं, पाहून जा." हाका बरोबर जात होत्या. मोजणाऱ्यापर्यंत पोचतही होत्या. फक्त तिथं मोजणारा नव्हता. नावाचं फंक्शन होतं, आणि त्यात एकच ओळ होती, आलास तसा परत जा. ज्या कंपनीनं मशीन दिलं त्यांनी ती जागा रिकामी ठेवून दिली होती. साहेबांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. तिकडून सांगण्यात आलं की ती सोय पुढच्या आवृत्तीत येणार आहे. तू साहेबांच्या समोरच म्हणालीस, "पाणी पुढच्या आवृत्तीची वाट पाहीन का?"

आणि मग तू तो मोजणारा लिहायला बसलीस.

मी तोपर्यंत तुला हुशार मुलगी समजत होते. त्या हिवाळ्यात तू मला थोडी भीतीदायक वाटायला लागलीस. सी भाषेतून तिथपर्यंत हात पोचत नव्हता. मशीनच्या थेट भाषेत, एकेक सूचना लिहीत, तू आत उतरलीस. जेवताना तुझं लक्ष नसायचं. तुझी आई तुमसरच्या बसवाल्याबरोबर चिवड्याचा डबा पाठवायची आणि तो तू आकडे बघत एकटीनं संपवायचीस. मला विचारायचंही सुचायचं नाही तुला. मी रागावले की म्हणायचीस, "तू होतीस का इथं?"

पहिल्यांदा चालवलं तेव्हा मशीन गप्पच झालं. पडद्यावर काही नाही, आणि थोड्या वेळानं प्रोग्राम कोसळला. तू कपाळाला हात लावून बसलीस. नंतर इतकी हसलीस की शिपाई धावत आला. मोजणाऱ्याचा काही भाग तू सीमध्ये लिहिला होतास, आणि तो भाग कंपायलरमधून काढताना ती खूण द्यायची नाही, हेच विसरली होतीस. त्यामुळे मोजणाऱ्याच्या दारातही हाक बसली. मोजणारा आत शिरताना मोजणाऱ्याला बोलवायचा, तो पुन्हा मोजणाऱ्याला. "स्वतःलेच मोजून राहिला बदमाश," तू डोळे पुसत म्हणालीस.

दुसऱ्यांदा चालला, पण एका तलावात पाणी शून्याच्याही खाली गेलं. मोजणारा काम करता करता मशीनच्या हातातले आकडे सांडत होता. प्रोग्राम ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत त्याला परत सोडायचं, हे तू कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर चिकटवलंस आणि सगळं पुन्हा लिहिलंस. साहेब मध्येच येऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, "प्रमिला, एवढं करून माझं म्हणणं खरं ठरलं तर?" तू म्हणालीस, "तर कार्ड मागवू सर. पण मंग मालूम राहीन ना, कायले मागवून राहिलो ते."

तो दिवस मला पूर्ण आठवतो. थंडी सरली होती. अहवालाचा लांब कागद प्रिंटरमधून कटकट करत बाहेर येत होता आणि तू तो फाडायचीही वाट न बघता वाकून वाचत होतीस. मी मागून पाहत होते. तुझी मान स्थिर झाली. तू कागद फाडलास, घडी केलीस आणि बाहेर पिंपळाच्या पारावर जाऊन बसलीस. मी मागोमाग आले.

"काय निघालं?"

तू कागद माझ्या हातात दिलास. साहेबांच्या समीकरणांच्या नावावर जवळजवळ काहीच वेळ नव्हता. डिस्कबद्दल मी अर्धी बरोबर होते. सगळी सकाळ एका चिमुकल्या फंक्शनमध्ये जात होती. तलावाची पातळी दिली की त्यात पाणी किती, हे तक्त्यातून काढून देणारं फंक्शन. ते दर वेळी तक्त्याची फाइल नव्यानं उघडायचं, पहिल्यापासून वाचायचं, एक आकडा काढायचं आणि फाइल बंद करायचं. समीकरणं त्याला प्रत्येक पायरीला बोलावत होती, आणि पायऱ्यांना अंत नव्हता. कोणी बोलावलं, हे तुझ्या मोजणाऱ्यानं टिपलं होतं म्हणून ते कळलं. नुसता वेळ मोजला असता तर कोणालाही वाटलं असतं की फाइल वाचायला वेळ लागतोच.

"हे फंक्शन कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"मी," तू म्हणालीस. "नौकरीवर लागली त्याच हप्त्यात. एक तलाव तपासून पाहायले लिहिलं होतं. कोणी उचलून मंधात घातलं, आणि मीच विसरून गेली."

 तू पाराच्या कडेला नखानं ओरखडत होतीस. "त्या बाईचे बैल, सुधा," एवढंच म्हणालीस.

मी म्हटलं, हे फंक्शन चुकीचं नव्हतं, ते चुकीच्या जागी बोलावलं गेलं. ज्यानं उचललं त्यानंही वाईट केलं नव्हतं. तू ऐकून घेतलंस, पण मानलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तू उभी राहिलीस आणि अहवाल वाचून दाखवलास. त्या फंक्शनचं नाव आलं तेव्हा आवाज न बदलता म्हणालीस, "हे माझं आहे."  साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ते काही टोचून बोलणार, कारण इतके महिने तू त्यांना टोचलं होतंस. ते म्हणाले, "मी माझ्याच समीकरणांची विनाकारण बदनामी करत होतो, बघा. प्रमिला, चहा माझ्याकडून." आणि चहाबरोबर समोसेही मागवले. त्या माणसाबद्दलचं माझं मत त्या दिवशी कायमचं बदललं. तुझंही, फक्त तू ते त्यांना कधी सांगितलं नाहीस. परवा मी सांगितलं. ते खिडकीकडे वळून चष्मा पुसत राहिले.

तक्ते सुरुवातीलाच एकदा वाचून ठेवायचे, एवढाच बदल. दुपार होण्याची वाट पाहायला लावणारं उत्तर चहा निवायच्या आत यायला लागलं.

पुढच्या पावसाळ्यात आंबागडकडचं पाणी पुन्हा चढलं. उत्तर सकाळीच आलं, निरोप लगेच गेला. मग आपण दोघी फोनजवळ बसून राहिलो, मूर्खासारख्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या पोलीस पाटलांचा फोन आला आणि तू उचललास. ते म्हणाले, "पाणी आलं, गेलं. सलंगेचं तोंड साफ करून ठेवलं होतं. जनावरं वरतं बांधली होती. ठेवतो." फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "काहीच नाही झालं वं! काहीच नाही!" आणि माझे दोन्ही हात धरून त्या मशीनच्या थंडगार खोलीत मला गरागरा फिरवलंस. लोक बक्षीस मिळाल्यावर नाचतात. काही न झाल्याबद्दल नाचताना मी फक्त तुला पाहिलं.

कंपनीचा इंजिनिअर वर्षातून एकदा मशीन तपासायला यायचा. त्यानं तुझा मोजणारा पाहिला, टेपवर एक प्रत नेली, आणि तुला मुंबईला नोकरीला यायचं विचारलं. तू हसून टाळलंस. नंतर कंपनीची नवी आवृत्ती आली. त्यात ती जागा आता रिकामी नव्हती. तू लायब्ररी उसवून पाहिलीस आणि मला बोलावलंस. मोजणाऱ्यात शिरताना मशीनचे आकडे बाजूला ठेवायचा तुझा एक उलटसुलट क्रम होता, मला तो कधीच पटला नव्हता. अगदी तोच क्रम तिथं होता. स्वतःचं अक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावं तसं.

मी संतापले. पत्र लिही, नाव मागून घे, म्हटलं.

"नाव कायचं? त्या फंक्शनचं नाव कंपायलरनं आधीच ठेवून दिलं आहे. माझं ठेवलं तर कोणी बोलावणारच नाही त्याले."

"मस्करी करू नकोस, प्रमिला. ते चोरी करतात आणि तू हसतेस?"

"सुधा, आता जिथं जिथं ते मशीन आहे, तिथं शून्य नाही येणार ना? मंग झालं तर."

झालं नव्हतं. मला अजूनही राग आहे. आणि तू हसलीस याचाही आहे. तुझ्या नावाचं काहीतरी कुठंतरी राहायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते आज जास्त खरं वाटतं आहे.

आपलं शेवटचं भांडण मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होतं. एका फंक्शनला दोघांनी बोलावलं तर त्याचा वेळ कोणाच्या नावावर टाकायचा? तुझा मोजणारा हाका टिपायचा, पण एकेका हाकेला किती वेळ लागला हे त्याला कळत नव्हतं. म्हणून अहवालात हाकांच्या प्रमाणात वेळ वाटला जायचा. मी म्हणायचे, पुरे आहे, अंदाज येतो. तू म्हणायचीस, "मोठ्या तलावाची एक हाक आणि लहानशा बोडीची एक हाक, सारखी कशी वं? एकीच्या वाटेचं दुसरीच्या अंगावर कायले?" तुला प्रत्येक हाकेची येण्याची आणि जाण्याची वेळ टिपायची होती. मी म्हणायचे, मग मोजण्यातच सगळा वेळ जाईल, आणि आपण मोजणाऱ्यालाच मोजत बसू. त्यावर तुझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या दिवशी दारातून वळलीस तेव्हा तुझ्या डोळ्यांत ते होतं. तुला काहीतरी सापडलं होतं. मशीनवर तुझ्या नव्या मोजणाऱ्याचं अर्धं लिहिलेलं रूप आहे, मी ते वाचलं, आणि जिथं ते थांबतं तिथून पुढे तू काय करणार होतीस ते मला कळत नाही. मी अजून म्हणते की माझंच बरोबर होतं. तू येऊन खोडून दाखवशील या आशेनं म्हणत असेन.

आणि एक मलाही तुला सोमवारीच सांगायचं होतं. मला पुण्याला नोकरी मिळाली आहे. मोठी संस्था, मोठं मशीन, आणि पगार सांगितला असता तर तू शिट्टी वाजवली असतीस. आठवडाभर शब्द जुळवत होते. तुला सोडून जायचं कसं सांगावं, या काळजीत मी होते. तू गेल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं माहीत आहे? आता कोणाला सांगायची गरज नाही, सरळ जाता येईल. आणि मग जायचं कशासाठी तेही आठवेना.

तेरवीला सिहोऱ्याला आले. वरच्या डोंगरात तीन दिवस पाऊस लागून होता, नदी गढूळ झाली होती. घरात बायका भरल्या होत्या. तुझी आई कोणाशी बोलत नव्हती. चुलीजवळ बसून पुऱ्या लाटत होती, लोकांनी उठवायचा प्रयत्न केला तरी उठत नव्हती. मी शेजारी बसले. तिनं न बघताच विचारलं, "सुधा आहेस ना तू?"

"हो, आई."

"तिची ते मशीन, त्यावर आता कोण आहे?"

"साहेब आहेत."

"त्याइले येते का, तिले येई तसं?"

"आकडे भरता येतात. पण प्रोग्राम अडला तर..." मी थांबले. "तर मला यावं लागतं."

तिचं लाटणं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तुझेच डोळे, प्रमिला, फक्त जास्त रडलेले. मग तिनं दाराबाहेर, नदीच्या बाजूला पाहिलं.

"मंग तू काहून बसली इथं? वरतं पाणी आहे."

"आई, आज तेरवी..."

"तेरवी मी करतो. ते आपली आहे, कुठं जात नाही. तू ऊठ." तिनं गरम पुऱ्या कागदात बांधून माझ्या पिशवीत कोंबल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला दारापर्यंत आणलं. तिथं म्हणाली, "पोरगी फोनपाशी बसे म्हणे, निरोप गेला का पाहात. कोणीतरी बसलं पाहिजे ना वं."

मी दुपारच्या बसनं भंडाऱ्याला परत आले. साहेब मशीनपाशीच होते. वरच्या एका ठिकाणाहून आलेला आकडा चुकीचा होता आणि त्यावर प्रोग्राम अडकून बसला होता. तो फोन करून पुन्हा विचारला, भरला, चालवला. उत्तर आलं. नदीकाठच्या गावांच्या नावांत सिहोरा होतं. निरोप मीच दिला. तुझ्या गावाचं नाव मी फोनवर दोनदा, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

पाणी दुसऱ्या दिवशी आलं. खालच्या बांध्यांत शिरलं, दोन घरांच्या भिंती बसल्या, आणि उतरलं. सगळे वर शाळेत होते.

पुण्याला कळवलं आहे की पावसाळा संपेपर्यंत मला येता येणार नाही. पुढचं पुढे. ते थांबतील असं वाटत नाही, आणि त्यानं मला फारसं काही होतही नाही.

काल सिहोऱ्याच्या पोस्टातून फोन आला. तुझी आई होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा फोन हातात धरला असावा, कारण ती नदीपलीकडच्या माणसाला मारावी तशी हाक मारत होती. "सुधा! पाणी उतरलं! गाय बरी आहे! आयकू येते का?"

"ऐकू येतं, आई."

 मग, एकदम हळू आवाजात, "जेवली का वं तू?"

दुपारचे चार वाजून गेले होते. मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि डबा उघडला.